पूर ओसरल्यानंतरचे नऊ दिवस: बाबांचे चुकले होते का?

सत्तरीची_लेक (धागाकर्ती)

२३ जुलै २०२१ च्या पुराला आता काही वर्षे झाली, तरी आमच्या घरातला त्यावरचा एक वाद अजून मिटलेला नाही. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आईने तो पुन्हा उकरून काढला, म्हणून हा धागा.

आमचे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आजोबांनी ते जांभ्याच्या चिऱ्यांचे बांधले, पण चिरे चुन्यात नव्हे तर मातीत बसवलेले आहेत. वर मंगलोरी कौले आणि मागे पोफळीचे कुळागर, म्हणजे बागायत. त्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने अर्धे छप्पर उघडे केले होते आणि बाबांनी पदरचे पैसे मोडून ते जेमतेम शाकारून घेतले होते. जुलैतल्या त्या पहाटे पाणी कुळागरात शिरल्याचे दिसताच बाबांनी आम्हा सर्वांना, आजीला तर खुर्चीसकट उचलून, वरच्या वाड्यावरील देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, नेले. इथवर कोणाचाच वाद नाही.

वाद आहे तो त्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुपौर्णिमेला, पाणी उतरले. आई आणि मी झाडू, बादल्या घेऊन घरी पोचलो, तर बाबा पायरीवरच उभे होते. त्यांनी माझ्या हातातल्या झाडूची एक हीर उपसली आणि खिडकीखाली जिथे गिलावा फुगून सुटला होता तिथे दोन चिऱ्यांच्या सांध्यात टोचली. काहीही जोर न लावता ती वीतभर आत गेली. बाहेर काढली तेव्हा तिला लाल, लोण्यासारखी मऊ माती लागली होती. ती त्यांनी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "आज कोणी आत जायचे नाही." हेच वाक्य त्यांनी पुढचे नऊ दिवस रोज सकाळी, नवी हीर टोचून, ऐकवले.

त्या नऊ दिवसांत कणगीतला भात आंबला, आईचा लग्नातला शालू काळा पडला आणि माझ्या दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांचा लगदा झाला. बाबा खिडकीबाहेर उभे राहून आंबे उतरवायच्या झेल्याने जमेल ते ओढून काढत. भावाचे दप्तर निघाले, आजीच्या औषधांचा डबा निघाला, आणि चौथ्या दिवशी देव्हाऱ्यातला पितळी गणपतीही त्याच झेल्यातून बाहेर आला. देवाला आंब्यासारखे उतरवले म्हणून आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पाचव्या रात्री गोठ्याची भिंत कोसळली. गोठा निव्वळ मातीचा होता आणि गुरे आधीच वर नेलेली होती. घराची भिंत मात्र पडली नाही, ती आजही उभी आहे. आईचे म्हणणे सरळ आहे: भिंत पडायचीच नव्हती, तर दुसऱ्याच दिवशी आत जाऊन निम्मा संसार वाचवता आला असता. बाबा यावर काही बोलत नाहीत, उठून कुळागरात जातात. मला आता स्वतःची दोन मुले आहेत आणि त्यांच्या जागी मी काय केले असते हे मला खरोखर ठरवता येत नाही. आपणांस काय वाटते?

चिरेबंदी

मी बांधकाम अभियंता असून जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो, त्यामुळे भिंतीपुरते बोलतो. जांभा सच्छिद्र असतो, पण भिजला म्हणून चिरा सहसा दगा देत नाही. दगा देते ती मधली माती. पाणी घराच्या आत आणि बाहेर सारख्या उंचीवर असते तोवर दोन्ही बाजूंचा दाब एकमेकांना तोलून धरतो. धोका सुरू होतो तो पाणी उतरताना, कारण बाहेरचे पाणी झपाट्याने खाली जाते आणि दारे-खिडक्या बंद असलेल्या घरातले मागे राहून भिंतीला बाहेर ढकलते. त्यातून ती वाचली, तरी पुढे काही दिवस छपराचा सगळा भार खालच्या मऊ झालेल्या दोन-तीन थरांवर असतो. पुरात उभी राहिलेली भिंत पुढे कोरड्या उन्हात बसली, असे म्हणूनच घडते आणि लोकांना ते चमत्कारिक वाटते.

आपल्या वडिलांची हिरीची परीक्षा ओबडधोबड असली तरी ती नेमकी योग्य जागी केलेली होती. एक विचारतो: बाहेरून सिमेंटचा गिलावा होता का?

सत्तरीची_लेक

होय, दहाएक वर्षांपूर्वी काकांच्या आग्रहाने केला होता.

चिरेबंदी

मग नऊ दिवस मला मुळीच जास्त वाटत नाहीत. मातीच्या सांध्यांवर सिमेंट चढवले की आतला ओलावा बाहेर पडायला वाटच उरत नाही. चुन्याचा गिलावा असता तर ती भिंत लवकर सुकली असती.

तरीही वडिलांना पूर्ण गुण देता येणार नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीला टेकू देऊन, ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) सोडून ती रोज किती कलते ते पाहून, एका माणसाला पाच मिनिटांसाठी आत पाठवता आले असते आणि कागदपत्रे तरी हाती लागली असती. ओळंबा सकाळी आणि संध्याकाळी त्याच खुणेवर धरायचा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर भिंत स्थिरावत आहे असे धरायला हरकत नाही.

तळपणकाठचा

मी काणकोणचा आहे. २ ऑक्टोबर २००९ रोजी आमच्याकडे डोंगर खचून पाणी आले, तेव्हा माझ्या वडिलांनी नेमके उलटे केले. पाणी गुडघ्यापर्यंत उतरताच ते आत शिरले आणि जमिनीचे कागद, आईचे दागिने आणि शिवणयंत्र घेऊन बाहेर आले. त्या शिवणयंत्रावर पुढचे सहा महिने आमची चूल पेटली, आणि हे मी शब्दशः सांगत आहे. त्यामुळे घरच्यांना सुरक्षित ठेवणे म्हणजे त्यांना घराबाहेर थोपवून धरणे एवढेच, हे मला पटत नाही. पोट चालले नाही तर भिंत उभी राहून काय उपयोग?

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्या खेपेत वडिलांच्या तळपायात गंजका पत्रा घुसला आणि त्यांना तीन आठवडे चालता आले नाही. ही गोष्ट घरी रंगवून सांगताना तो भाग आम्ही सहसा गाळतो.

निवृत्त_तलाठी

वरील दोन्ही वडिलांच्या बाजूने आणि विरुद्धही एक मुद्दा मांडतो. पूर ओसरल्यावर माणसे सर्वप्रथम घर धुवायला घेतात आणि पंचनाम्याला आम्ही पोचतो तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा पुसलेली असते. नुकसान झाले आहे हे डोळ्यांना दिसत असले तरी कागदावर मांडायला काही शिल्लक नसते. म्हणून झाडूला हात लावण्याआधी छायाचित्रे काढावीत: पाण्याची रेघ, पडलेला भाग, भिजलेले धान्य, मेलेली गुरे, आणि प्रत्येक चित्रात घराची ओळख पटेल अशी एखादी खूण. कुटुंबप्रमुखाने पहिल्या दिवशी करायच्या कामांत हे काम मी फार वर धरतो.

रकमेविषयी गैरसमज पुष्कळ असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरासाठी २०२१ साली ९५,१०० रुपये होते आणि २०२२ पासून सपाट प्रदेशासाठी ते १,२०,००० झाले. यात घर उभे राहत नाही, हे मलाही कळते. अंशतः पडलेल्या घराला याहून पुष्कळच कमी मिळते, आणि ज्याची भिंत फक्त मऊ झाली आहे त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. धागाकर्तीच्या वडिलांना हे ठाऊक असावे.

दुसरे म्हणजे, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद), घरपट्टीची पावती आणि शिधापत्रिका यांच्या प्रती घराबाहेर कोठेतरी असाव्यात, मग त्या नातेवाइकाकडे असोत वा भ्रमणध्वनीत. ज्यांचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत आहे त्यांनी तर हे कागद जिवापाड जपावेत. १९७५ च्या कायद्याने अशा घरात राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण दिले आहे. मात्र ते घर आपले आणि आपण तिथे राहत होतो हे दाखवणारे कागद चिखलात गेले, तर आपलेच म्हणणे सिद्ध करायला फार धावावे लागते.

सत्तरीची_लेक

आपण अचूक जागी बोट ठेवलेत. आमचे घर मुंडकारीच आहे. त्या नऊ दिवसांत बाबा रात्रीसुद्धा अग्रशाळेत झोपले नाहीत. समोरच्या आंब्याखाली ताडपत्री बांधून घराकडे तोंड करून बसून राहायचे. चोरांची भीती असेल असे आम्हाला वाटायचे. कागदांचे मी आजवर कधी विचारलेच नाही.

जुना_नदीकाठी

१९८२ च्या पुराच्या वेळी मी आठ वर्षांचा होतो. २०२१ च्या पुराचे वर्णन मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर असे केले, तेव्हा आमच्या पिढीने माना डोलावल्या. माझे वडील शाळा फारसे शिकलेले नव्हते, पण पूर ओसरल्यावर परतायचे की नाही हे ते पंचांग बघून ठरवत. मांडवीत (म्हादईचेच खालच्या भागातले नाव) भरतीचा परिणाम समुद्रापासून आत थेट गांजे गावापर्यंत पोचतो. पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती असते, त्यामुळे वरून आलेले पाणी खाली लवकर रिते होत नाही. "नदी एकदा गेली म्हणून गेली असे नाही," असे ते म्हणत, आणि भरतीच्या दोन फेऱ्या सुक्या गेल्याशिवाय आम्हाला खाली उतरू देत नसत. २०२१ मध्ये पाणी आले ते नेमके पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. धागाकर्तीच्या वडिलांनी पहिले दोन दिवस अडवले, त्यामागे हिरीखेरीज हेही असू शकेल.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि हा धागा वाचताना माझे लक्ष भिंतीवर नसून बाबांच्या पायांवर आहे. नऊ दिवस चिखलात उभे राहून झेल्याने वस्तू काढणाऱ्या माणसाच्या पायांत काय होते? पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगांतून, बारीक खरचटलेल्या जागेतून शरीरात जातात. ताप साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे पूर विसरून माणूस कामाला लागल्यावर. पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ, अशी त्याची चाल असते आणि उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होतात. चिखलात काम करणाऱ्या प्रौढांना डॉक्टर आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते चालत नाही, म्हणून ते विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये.

माझा अनुभव असा की घरातल्या सर्वांना गोळ्या देऊन झाल्यावर "तुमची?" असे विचारले, की वडील मंडळी "मला काय होते" असे म्हणून हसतात.

सत्तरीची_लेक

हे लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार करत होते. बाबांच्या पायांत रबरी चपला होत्या, त्याही एका चिखलात रुतून गेल्यावर अनवाणी. आरोग्य केंद्राचे पथक अग्रशाळेत येऊन गोळ्या देऊन गेले, तेव्हा बाबा खाली घराकडे होते आणि त्यांची गोळी आईने पदराला बांधून ठेवली. ती त्यांनी घेतली की नाही यावर दोघांचे एकमत नाही. अकराव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. तो त्यांनी दीड दिवस लपवला. लपवला म्हणजे उन्हात बसून राहिले, जेणेकरून अंग तापलेले का आहे हे कोणी विचारू नये. शेवटी पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की उठता येईना, तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना न्यावे लागले. निदान लेप्टोचेच झाले. आठवडाभरात ते बरे झाले, पण कोविडच्या त्या काळात रुग्णालयात त्यांच्यासोबत एकालाच राहता येत होते आणि आजीची लशीची दुसरी मात्रा अजून व्हायची होती. ते दिवस आईने कसे काढले हे तिचे तिलाच ठाऊक.

मधली_सून

मला वाटलेच होते की या गोष्टीत तुमच्या आई कधीतरी येतील. बाबा आंब्याखाली बसले होते तेव्हा वर अग्रशाळेत कोण काय करत होते, हे पण लिहा की!

सत्तरीची_लेक

आपला रोख कळला आणि तो योग्यच आहे. अग्रशाळेत आम्ही तीन कुटुंबांची अकरा माणसे होतो. आई दोन्ही वेळची पेज, आजीचे पथ्य, माझ्या भावाचे रात्री दचकून उठणे आणि पिण्याचे पाणी उकळणे, हे सगळे ओल्या लाकडांवर सांभाळत होती. बाबांचे जेवण ती स्वतः खाली घेऊन जाई, पण पायरीच्या पुढे जायची तिलाही मनाई. तिचा राग मला वाटते शालूसाठी नाही. बाबांनी काहीही न समजावता फक्त मनाई केली, हे तिला लागले आहे.

तळपणकाठचा

इथे मात्र मी काकूंच्या बाजूने आहे. माझ्या वडिलांनीही आत शिरताना आईला विचारले नव्हते. एकाने अडवले, दुसरा घुसला, पण दोघांनीही बायकोला विश्वासात घेतले नाही, एवढे साम्य मान्य करायला हवे.

पाणीयोजना

उकळलेल्या पाण्याचा उल्लेख आला म्हणून थोडे विहिरीविषयी. पुराचे पाणी कठड्यावरून आत गेले असेल, तर विहिरीत अंदाजाने डबाभर ब्लीचिंग पावडर ओतणारे पुष्कळ कुटुंबप्रमुख मी पाहिले आहेत. नेहमीचे प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम असे आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरते आणि पावडर सुमारे ७० ग्रॅम लागते. मात्र गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडते, म्हणून पुरानंतर मात्रा वाढवावी लागते आणि ती पाणी तपासणाऱ्या माणसाकडून ठरवून घ्यावी. पावडर बादलीत कालवून वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडावे आणि निदान एक तास थांबावे. विहीर उपसायची घाई करू नये. भोवतीची जमीन पाण्याने फुगलेली असताना आतले पाणी एकदम काढले, तर बांधकाम आत ढासळू शकते. चिरेबंदी यांनी भिंतीविषयी सांगितले तेच इथेही लागू पडते.

सत्तरीची_लेक

डबाभर ओतणाऱ्यांत आमचे बाबाही होते. पंधरा दिवस त्या पाण्याने कपडे धुवायचीही सोय राहिली नव्हती.

सर्वांचे आभार. काल मी घरी गेले होते, तेव्हा संध्याकाळी हा सगळा धागा आई आणि बाबांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. भरतीचा मुद्दा आला तेव्हा बाबांनी मान हलवली, पण होय म्हणून की नाही म्हणून ते कळले नाही. कागदांचा मुद्दा आल्यावर आई त्यांच्याकडे पाहत राहिली. एक-चौदा आणि भाटकाराने आजोबांना दिलेली पावती त्या पहाटे बाबांच्या सदऱ्याच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत होती, असे त्यांनी आता सांगितले. "मग माझी प्रमाणपत्रे?" असे मी विचारले. "ती पुन्हा मिळतात," असे म्हणाले. ती मिळाली, हे खरे आहे, परंतु त्यासाठी मी किती चकरा मारल्या हे मी त्यांना पुन्हा एकदा ऐकवले.

चिरेबंदी यांचा टेकूचा मुद्दा मात्र त्यांना जिव्हारी लागला. दोनदा वाचायला लावला. आता त्यांचा प्रश्न असा आहे की टेकू आतून लावायचा की बाहेरून, आणि किती उंचीवर? कृपया सांगावे, कारण उत्तर आल्याशिवाय ते मला परत जाऊ देतील असे दिसत नाही.

चिरेबंदी

भिंत बाहेर कलत असेल तर बाहेरून. आत कलत असेल तर तिच्याजवळ जाऊच नये आणि माहितगार माणसाला बोलवावे. वाशांची टोके भिंतीवर जिथे बसतात त्याच्या किंचित खाली भिंतीला एक उभी फळी लावावी, म्हणजे जोर एकाच चिऱ्यावर येत नाही, आणि तिला जमिनीशी ६० ते ७५ अंशांचा कोन करून तिरका वासा द्यावा. वाशाच्या बुडाखाली मोठी आडवी फळी हवीच, नाहीतर भिजलेल्या जमिनीत तो रुततो आणि टेकू नुसता दिसायला राहतो. पाचर हळूहळू ठोकावी. हातोड्याच्या दणक्यांनीच भिंत बसल्याचे मी पाहिले आहे. हे सामान पावसाळ्यापूर्वीच वरच्या वाड्यावर नेऊन ठेवावे, आणि टेकू लावताना आत कोणी नसावे.

सत्तरीची_लेक

वाचून दाखवले. फणसाची फळी चालेल का, असे विचारत आहेत. आई म्हणते, माळ्यावर दोन आहेत.